गाडीच्या नंबरावरून रिकॉल कळला पाहिजे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनी गाडी घेताना काय काय तपासावं यावर पानभर मजकूर होता. टायर, क्लच, मीटर मागे फिरवलाय का, बँकेची एचपी म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद उतरली का, दरवाजाच्या कडेला रंगाचा फरक दिसतो का, सगळं व्यवस्थित दिलं होतं. पण त्या गाडीसाठी कंपनीने कधी रिकॉल काढला होता का, म्हणजे कारखान्यातला दोष फुकट काढून द्यायला ती परत बोलावली होती का, आणि काढला असेल तर ते काम झालं का, याचा त्यात उल्लेख नव्हता. तो राहिला याचं मला नवल वाटलं नाही. गाडी घेणारा विचारत नाही, विकणारा सांगत नाही आणि मधला एजंट दोघांना चहा पाजतो.

माझं चिपळूणला हायवेलगत गॅरेज आहे. माझ्या दारातल्या नंबरप्लेटी वाचल्यात तर एमएच ०८ च्या जोडीला ०४, ४३, १२, १४ या हमखास दिसतील. म्हणजे ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड. चाकरमानी नवी गाडी काढतो आणि जुनी गावच्या भावाला देतो, नाहीतर एजंटच्या हातून ती इकडे येते. आमच्याकडची निम्मी चारचाकं अशी दुसऱ्या-तिसऱ्या हातची आहेत. आता कंपनीचा रिकॉल निघाला की निरोप कोणाला जातो? शोरूमच्या कॉम्प्युटरात ज्याचा मोबाईल नंबर आहे त्याला. तो बहुतेक पहिला मालक असतो. वॉरंटी संपली की लोक शोरूम सोडून आमच्यासारख्यांकडे येतात, आणि आम्ही काही कंपनीला कळवत नाही की बाबा, ही गाडी आता सावर्ड्याला आहे. पहिला मालक फोनवर ‘गाडी विकली’ म्हणतो आणि फोन ठेवतो. निरोप तिथेच संपतो. जो माणूस त्या गाडीत रोज बायकापोरांना घेऊन बसतो त्याला पत्ताच नसतो.

अलोऱ्याच्या बाजूचे एक निवृत्त शिक्षक माझे जुने गिऱ्हाईक. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, त्यामुळे मला अजून अरे-तुरे करतात. त्यांनी नवी मुंबई पासिंगची एक पेट्रोल गाडी घेतली आणि ऑइल बदलायला आणली. मी म्हटलं, ‘गुरुजी, आरसी द्या बघू.’

‘कशाला रे? इन्शुरन्स आहे, पीयूसी आहे.’

‘रिकॉल बघतो.’

आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, तर लाल अक्षरांत काम बाकी असल्याचं आलं. टाकीतला फ्युएल पंप बदलायचा होता. गुरुजींनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि मला विचारलं, ‘मग हे मला आधी कोणी सांगायचं होतं?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढची गंमत शोरूममध्ये झाली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘सर, सिस्टिममध्ये गाडी दुसऱ्यांच्या नावावर आहे, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जाईल.’ आता वाशीतल्या त्या माणसाला गुरुजींनी आयुष्यात पाहिलेलं नाही. आरसी गुरुजींच्या नावावर, आधार कार्ड हातात, गाडी दारात उभी, तरी काम अडलं ओटीपीवर. मी सोबत होतो म्हणून मॅनेजरला बाहेर बोलावलं, आरसीची झेरॉक्स दिली, मोबाईल नंबर बदलून घेतला आणि मग जॉब कार्ड उघडलं. पंप स्टॉकमध्ये नव्हता, तो मागवला. आल्यावर काम अर्ध्या दिवसात झालं, पैसे शून्य. त्या मुलाचा दोष काढत नाही, त्याला स्क्रीनवर जे दिसतं तेच तो बोलणार. पण गुरुजी एकटे गेले असते तर परत आले असते, आणि पुन्हा गेले नसते.

फ्युएल पंपाचं कोणाला फार वाटत नाही, म्हणून सांगतो. पंप बंद पडला की चालती गाडी बंद पडते. इंजिन बंद झालं की पेट्रोल गाडीच्या ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी व्हॅक्यूमची मदत थांबते. पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतो, मग पेडल कडक होतं आणि दोन्ही पायांनी दाबायची वेळ येते. स्टिअरिंगही जड होऊ शकतं. सपाट रस्त्यावर माणूस गाडी कडेला घेतो. कुंभार्ली घाटात, धुक्यात, मागे कोयनेकडून उतरणारा ट्रक असताना काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या याच पंपासाठी परत बोलावल्या होत्या. त्या गाड्या आज सेकंडहँड बाजारात सर्रास फिरतात.

कोकणात आणखी एका रिकॉलकडे बघायला हवं. जुलै २०२३ मध्ये मारुतीनेच एस-प्रेसो आणि ईको अशा ८७,५९९ गाड्या बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या. कारण होतं स्टिअरिंगचा टाय रॉड. त्याचा एक भाग क्वचित तुटू शकतो आणि गाडीच्या वळण्यावर परिणाम होऊ शकतो, असं कंपनीनेच सांगितलं. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंग रॅकपासून पुढच्या चाकापर्यंत जाणारी दांडी. गाडी जॅकवर घेऊन चाक दोन्ही हातांनी घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं की झिजलेला जॉइंट ‘टक्’ करतो. तो आवाज आम्हा मेकॅनिकना ओळखीचा आहे. पण आतून कमकुवत असलेला रॉड टक् करत नाही. वरून सरळ, घट्ट, रंगासकट चांगला दिसतो. तो हाताने ओळखणारा मेकॅनिक मला भेटलेला नाही आणि मीही तो नव्हे. असा दोष कारखान्याच्या नोंदीतून, कुठल्या तारखेला कुठला माल लागला यावरूनच कळतो.

आणि ईको म्हणजे काय, हे आमच्याकडे येऊन पाहा. सकाळी शाळेची पोरं, दुपारी बाजारहाट, संध्याकाळी स्टेशनवरून आलेले पाहुणे, रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर तीच. गणपतीत तिच्यात किती माणसं बसतात ते मी इथे लिहीत नाही, आरटीओचे लोकही पेपर वाचतात. एका ईकोत आठवडाभरात पन्नास घरचं माणूस बसून जातं. तिचा रिकॉल राहिला तर तो मालकाचा खासगी मामला कसा म्हणायचा?

पावसाचंही तसंच. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सियाझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ यांच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट, म्हणजे इंजिनाला जोडलेलं विजेचं यंत्र, तपासायला बोलावल्या. काम होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका आणि इलेक्ट्रिकच्या भागांवर थेट पाणी मारू नका, अशी सूचना सोबत होती. त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत कुठवर चढलं होतं ते आपल्या वाचकांना सांगायला नको. पुराचा आणि त्या दोषाचा संबंध आहे असं माझं म्हणणं नाही. पण ‘पाण्यातून नेऊ नका’ ही सूचना देशात कुठे सगळ्यात आधी पोचायला हवी, तर ती आमच्याकडे. ती बातमी मी वाचली ती मुंबईच्या पेपरात, शेअर बाजाराच्या पानावर. कंपनीच्या शेअरचं काय झालं ते वर आणि गाडीचं काय करायचं ते खाली.

मारुतीची उदाहरणं जास्त आली, कारण आमच्या रस्त्यावर त्यांच्याच गाड्या जास्त. बाकीचे काही सुटलेले नाहीत. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही७०० च्या १,०८,३०६ गाड्या ऑगस्ट २०२३ मध्ये इंजिनातल्या वायरिंगच्या तपासणीसाठी बोलावल्या, वायर घासून कापली जाण्याची शक्यता होती म्हणून. रॉयल एनफिल्डने मे २०२१ मध्ये इग्निशन कॉइलसाठी २,३६,९६६ मोटारसायकली बोलावल्या. पुण्यात लोहगावला मार्च २०२२ मध्ये रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. त्यानंतर महिन्याभरात ओलाने त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासणीला बोलावल्या. आणि हे स्पष्ट लिहितो की रिकॉल काढणारी कंपनी वाईट, असं माझं मुळीच मत नाही. दोष सापडल्यावर जी सांगते ती बरी. माझी तक्रार निरोप पोचण्याबद्दल आहे.

एअरबॅगचं थोडं वेगळं आहे आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर आहे. टाकाटा नावाच्या जपानी कंपनीच्या एअरबॅग जगभरच्या अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसल्या होत्या. एअरबॅग फुगवायला आत एक धातूची डबी असते, तिला इन्फ्लेटर म्हणतात. टाकाटाच्या डबीत अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. दमट, उष्ण हवेत वर्षानुवर्षं राहिलं की ते खराब होतं आणि धडकेच्या वेळी नको इतक्या जोराने पेटतं. मग डबीच फुटते आणि तिचे तुकडे एअरबॅग फाडून समोरच्याच्या तोंडावर, गळ्यावर येतात. किरकोळ धडकेत वाचलं असतं असं माणूस वाचवणाऱ्या वस्तूनेच मेलं, अशी प्रकरणं अमेरिकेत घडली आहेत. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर बदलायला काढले गेले, आणि दमट-उष्ण राज्यांतल्या गाड्यांना आधी नंबर दिला. भारतात होंडाने जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या याच कारणासाठी बोलावल्या, पुढच्या जानेवारीत आणखी २२,८३४. आता दमट आणि उष्ण म्हणजे कुठली हवा, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. दहा-बारा वर्षांची एखादी होंडा मुंबईहून इकडे स्वस्तात येते, ‘टॉप मॉडेल आहे, दोन एअरबॅग आहेत’ असं सांगून. त्या एअरबॅगचं काम झालंय का, हे विचारणारं एकही गिऱ्हाईक माझ्याकडे आलेलं नाही. मीच विचारतो.

कायद्याचं थोडक्यात. गाडी कंपन्यांच्या सियाम या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने रिकॉल करण्याचे नियम केले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं, त्याने सरकारला रिकॉलचा हुकूम काढण्याचा अधिकार मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले, हुकमावरून रिकॉल करावा लागला तर गाड्यांच्या संख्येप्रमाणे १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड ठेवला, मालकांना दोषाची तक्रार ऑनलाइन नोंदवायची सोयही आली. हे चांगलंच झालं. पण ते नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. माझ्या दारातल्या कितीतरी गाड्या सात वर्षांच्या पुढच्या आहेत, आणि टाकाटासारखा दोष तर गाडी जुनी होईल तसा वाढत जातो.

माझी मागणी साधी आहे. सरकारच्या एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, फिटनेस कधीपर्यंत हे दिसतं. तिथेच आणखी एक ओळ यावी: रिकॉल बाकी आहे की नाही. माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. त्याने सेकंडहँड गाडी बघायला जाताना रस्त्यावरच उभं राहून सरकारी साइटवर नंबरप्लेटचा नंबर टाकला, तर मागच्या सगळ्या वार्षिक तपासण्या आणि रिकॉल बाकी आहे का ते समोर आलं. पैसे नाहीत, ओटीपी नाही. अमेरिकेतही चासी नंबर टाकायला सगळ्या कंपन्यांची मिळून एकच सरकारी साइट आहे. आपल्याकडे प्रत्येक कंपनीचं वेगळं पान, तेही साइटवर कुठे दडवलेलं ते शोधा. सियामच्या साइटवर यादी आहे, पण ती मॉडेलची. अमुक नंबरच्या गाडीचं काम झालं का, ते त्यातून कळत नाही.

हे करायला नवीन काही उभारायला नको. पीयूसी काढायला प्रत्येक गाडी वर्षाला एकदा, जुनी असेल तर सहा महिन्यांनी, येतेच. २०२१ पासून पीयूसीसाठी मालकाचा मोबाईल नंबर द्यावा लागतो. म्हणजे आज गाडी ज्याच्याकडे आहे त्याचा चालू नंबर सरकारकडे आहे आणि कंपनीकडे आहे पहिल्या मालकाचा. कंपनीने बाकी असलेले चासी नंबर सरकारला द्यावेत, सरकारने त्या मालकाला मेसेज पाठवावा. कंपनीला मालकाचं नाव-गाव कळायचीही गरज नाही. पीयूसीच्या कागदावरच खाली छापून आलं तर आणखी उत्तम, कारण मेसेज लोक वाचत नाहीत.

तसंच आरटीओत नाव बदलताना. तिथे चासी नंबरची पेन्सिलने छाप काढून फॉर्मला लावायची पद्धत आहे. ज्यांनी ती काढली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पत्र्यावर खोदलेल्या नंबरावरची माती-ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसायची, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. आकडे पांढरे उमटतात. कोकणातल्या गाड्यांना गंज असतो, तिथे तीन आणि आठ ओळखताना डोळे जातात. एवढी मेहनत कशाला, तर गाडी चोरीची नाही ना हे बघायला. मग तोच नंबर समोरच्या कॉम्प्युटरवर रिकॉलसाठीही बघायला काय हरकत आहे? नाव बदलणं अडवा असं मी म्हणत नाही, लोकांना आधीच खेपा कमी नाहीत. नव्या मालकाच्या हातात चिठ्ठी द्या एवढंच. जुन्या गाड्यांच्या डीलरनाही आता आरटीओकडे नोंदणीचे नियम आहेत, त्यांच्यावर तर ही सक्ती उद्या करता येईल.

काही जण म्हणतील, हा गॅरेजवाला, याचा काय फायदा? काहीच नाही. रिकॉलचं काम शोरूमलाच होतं, उलट माझ्याकडचं गिऱ्हाईक तिकडे जातं आणि जाताना एखादी पेड सर्व्हिसही करून येतं. तरीही मी भिंतीवर कंपन्यांच्या रिकॉलच्या पानांचे क्यूआर कोड चिकटवलेत. गाडी रॅम्पवर असताना लोक मोबाईलच बघत बसलेले असतात, तेवढंच त्यातून बघतील.

सरकार करील तेव्हा करील, तोवर वाचकांना करता येण्यासारखं एवढं. आरसीवर १७ अक्षर-आकड्यांचा चासी नंबर असतो. दुचाकीलाही असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, तेव्हा गोल दिसलं की ते शून्य समजा. बहुतेकांचं ‘नंबर चुकीचा’ इथेच येतं. कार्डावरचा छापा पुसट झाला असेल तर गाडीवर बघा. काहींत बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर, काहींत सीटखाली किंवा दरवाजाच्या खांबाजवळ असतो. कंपनीच्या साइटवर टाका, नाही जमलं तर शोरूमला फोन करून वाचून दाखवा. एकदा बघून भागत नाही, रिकॉल नंतरही निघतो. पीयूसी काढायच्या दिवशी बघायची सवय ठेवा. शोरूमला जाताना आरसी आणि स्वतःचं ओळखपत्र न्या, आणि आधी स्वतःचा मोबाईल नंबर त्यांच्याकडे चढवून घ्या. रिकॉलच्या कामाला पैसे पडत नाहीत. दुसरं काही काम निघालं म्हणाले तर त्याचं जॉब कार्ड वेगळं करायला सांगा. रिकॉलच्या जॉब कार्डावर कोणता भाग बदलला ते आणि समोर शून्य रुपये असं छापून घ्या, आणि तो कागद आरसीसोबत ठेवा, म्हणजे गाडी विकाल तेव्हा पुढच्याला देता येईल.

आपला,
एक गॅरेजमालक
चिपळूण, जि. रत्नागिरी